जुन्या ऑर्गनचा ट्रान्सफॉर्मर आणि ‘उबदार’ आवाजाचा दावा

भंगारात निघालेल्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमधले ट्रान्सफॉर्मर काढायचे आणि त्यावर गिटारचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर बांधायचा, हा अमेरिकेतल्या हौशी लोकांचा जुना उद्योग. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं वाचायला मस्त असतं, पण पुरावा म्हणून फार कच्चं असतं. झाडीपट्टी रंगभूमीच्या ध्वनिव्यवस्थेवर काही काम करावं असं मनात असेल, तर हे लेखन जरा टीकेच्या नजरेनं वाचायला हवं.

पहिला घोळ शब्दाचाच आहे. मराठी संगीत नाटकातला ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारून वाजवायचं, पितळी पट्ट्यांचं वाद्य. त्यात वीजच नाही, मग ट्रान्सफॉर्मर कुठून येणार? अमेरिकन लेखकाचा ऑर्गन वेगळा: १९३५ च्या सुमारास बाजारात आलेला हॅमंड, त्याला जोडायचा लेस्ली स्पीकर आणि त्यानंतरची घरगुती मॉडेलं. शिवाय आपल्याकडे बोलताना साध्या कीबोर्डलाही ऑर्गनच म्हणतात. तेव्हा मुलाखतीत कुणी ‘आमच्या कंपनीत ऑर्गन होता’ असं सांगितलं, की तिथेच थांबून विचारायचं: कुठला? पायाचा की विजेचा? हा प्रश्न न विचारता लिहिलेलं प्रकरण पुढे कितीही छान असलं तरी लंगडंच.

आता मुख्य दावा बघू. ‘जुन्या ऑर्गनच्या ट्रान्सफॉर्मरमुळे गिटारला उबदार आवाज येतो.’ यातला अर्धा भाग खरा आहे. ऑर्गनच्या पायपट्टीवरचा सर्वांत खालचा स्वर साधारण ३२ हर्ट्झचा, गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. तेवढ्याच व्होल्टेजला वारंवारता जितकी कमी, तितका गाभ्यावर चुंबकीय ताण जास्त. म्हणजे ३२ हर्ट्झसाठी बनवलेल्या गाभ्याला गिटार म्हणजे हलकं ओझं, ताण निम्म्याहूनही कमी. लोखंड भरपूर, माल टिकाऊ, आणि भंगाराच्या भावात. इथपर्यंत ठीक.

पण मग उब कुठून आली? छोट्या गिटार अॅम्प्लिफायरच्या आवाजात जो गोडसर फाटलेपणा असतो, त्यातला थोडा वाटा छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरून जाण्याचा असतो. मोठा गाभा सहज भरत नाही, त्यामुळे तो आवाज उलट स्वच्छ ठेवणार. म्हणजे लेखक जे कारण देतो, त्यातून त्याच्याच निष्कर्षाच्या विरुद्ध निष्कर्ष निघतो! त्यात बांधणाऱ्यानं सर्किट बदललेलं असतं, व्हॉल्व्ह, स्पीकर, खोकं, सगळंच बदललेलं असतं. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या ट्रान्सफॉर्मरला कसं द्यायचं? तोच अॅम्प्लिफायर, तेच व्हॉल्व्ह, आवाजाची पातळी सारखी, फक्त ट्रान्सफॉर्मर दोन आणि ऐकणाऱ्याला कुठला चालू आहे ते माहीत नाही, एवढं तरी हवं. असं करून बघायला फार खर्च लागत नाही. कंटाळा मात्र लागतो.

या लेखनाचा मोजमापाचा भाग मला मनापासून आवडतो. कागदपत्र नसलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या वेढ्याला २ व्होल्ट एसी द्या. पलीकडे ६३ व्होल्ट आले तर प्रमाण साडेएकतीस, त्याचा वर्ग जवळजवळ १०००. आठ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हना सुमारे ८००० ओहम दिसतील, म्हणजे ६व्ही६ च्या जोडीला चालेल. अनोळखी वस्तूला प्रश्न विचारायची ही पद्धत शिकण्यासारखी आहे.

तीच काटेकोर वृत्ती पॉवर ट्रान्सफॉर्मरपाशी कुठे जाते कोण जाणे. अमेरिकन ऑर्गनचा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रातून निघाली तरी ५० हर्ट्झचीच. स्टेपडाउन लावून ११७ व्होल्ट दिले की काम झालं असं वाटतं, पण वारंवारता कमी असल्यानं गाभ्यावर २० टक्के जास्त ताण येतो आणि तो तापतो. ताण मूळइतका ठेवायचा तर साडेसत्त्याण्णव व्होल्टच द्यावे लागतात. मग ३५० चे २९० होतात आणि ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला मिळतात सव्वापाच. १० टक्क्यांची सूट धरली तरी हे कमीच. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लावायचा, तर भंगारातली बचत गेली. हे त्या लेखांत नसतं, कारण लिहिणाऱ्याच्या भिंतीत ६० हर्ट्झच असतात. संदर्भग्रंथातलं गृहीतक आपल्या जिल्ह्यात लागू पडतं का, हा प्रश्न इतका शब्दशः क्वचित विचारता येतो.

(आणि हो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसून असतात. हात घालायच्या आधी ते उतरवायचे.)

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. या लेखनात जुनं यंत्र म्हणजे फक्त सुट्या भागांचं पोतं. झाडीपट्टीची नाटकं धान निघाल्यावर, दिवाळीनंतर सुरू होतात, रात्र रात्र चालतात, वडसा हे कंपन्यांचं केंद्र. नट, लेखक, दंडारीचं मूळ यावर बोललं जातं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. पण शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज कशानं पोचायचा, यावर फारच कमी बोलणं होतं. अशा वेळी एखाद्या मंडपवाल्याच्या कोठीत व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर सापडला, तर तो दस्तऐवज आहे. ट्रान्सफॉर्मर काढला की तो दस्तऐवज गेला.

म्हणून पेचकस उचलायच्या आधी फोटो. आतला कुठला भाग मूळचा, कुठला मागून बसवलेला, डाग किती वेळा दिलेत, फ्यूजच्या जागी तार गुंडाळलीय का, माइकसाठी किती सॉकेट आहेत, खोक्यावर कुठल्या मंडळाचं नाव रंगवलंय आणि त्याखाली आधीचं कुठलं नाव खरडलेलं दिसतंय.