‘हिप हॉप तमिळन’ (२०१२) : भाषाभिमानाची ताकद आणि मर्यादा

तंजावरला भाषेकडे पाहण्याच्या दोन परंपरा आहेत. एक भाषाभिमानाची : १९११ चा करंदै तमिळ संघ, १९८१ चे तमिळ विद्यापीठ, १९९५ ची आठवी जागतिक तमिळ परिषद. दुसरी सहवासाची : मराठा राजे शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांच्या नावावरील ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर बोलतात. ‘हिपहॉप तमिळा’ या जोडीचा ‘हिप हॉप तमिळन’ हा अल्बम पहिल्या परंपरेतला आहे. परिषदांमधला अभिमान त्याने तरुणांच्या मोबाइलमध्ये नेला.

पूर्वपीठिका. तमिळ रॅपची सुरुवात या अल्बमपासून झाली असे मानू नये. १९९४ च्या ‘कादलन’ चित्रपटात ए. आर. रहमान यांचे ‘पेट्टै रॅप’ होते. २००६ मध्ये मलेशियातील योगी बी आणि नक्षत्र यांचा ‘वल्लवन’ हा अल्बम आला. आदी आणि जीवा या जोडीचे वेगळेपण असे की त्यांनी तमिळनाडूतच, चित्रपटाचा आधार न घेता, मोठा श्रोतृवर्ग मिळवला. जिथे लोकप्रिय गाणे म्हणजे बहुधा सिनेमाचेच गाणे, तिथे ही गोष्ट लहान नव्हती.

रूप. रॅप यमक-अनुप्रासावर चालते आणि तमिळ कानाला त्याची जुनी सवय आहे. चरणारंभीच्या अक्षराच्या साम्याला तमिळ छंदशास्त्र ‘मोनै’ म्हणते, दुसऱ्या अक्षराच्या साम्याला ‘एदुगै’. द्राविड चळवळीतील वक्त्यांनी हीच नादमयता सभांमधून लोकांपर्यंत नेली. त्यामुळे अमेरिकेतून आलेला हा प्रकार इथे परका वाटला नाही. अल्बमचे खरे बळ इथे आहे.

मर्यादा. शीर्षक नीट वाचा. ‘तमिळन’ म्हणजे तमिळ पुरुष. जोडीच्या नावातील ‘तमिळा’ हे त्याचेच संबोधन. व्याकरणातले हे पुल्लिंग आशयातही उतरते. या जोडीला प्रसिद्धी देणारे ‘क्लब्-ले मब्बु-ले’ हे गाणे क्लबमध्ये मद्यपान करणाऱ्या मुलींना दोष देते आणि संस्कृतीच्या ऱ्हासाची चिंता करते. संस्कृती जपण्याचे ओझे मुलींवर आणि ती जपली जाते की नाही हे ठरवण्याचा अधिकार मुलांकडे, अशी ही वाटणी आहे. अभिमानाच्या आवेशात ती सहज खपून जाते, म्हणून तिच्यावर बोट ठेवणे आवश्यक आहे.

परिणाम. २०१५ पासून ही जोडी चित्रपटांना संगीत देऊ लागली. ‘आंबळ’ आणि ‘तनि ओरुवन’ त्याच वर्षीचे. सिनेमाबाहेर घडलेल्या यशाला सिनेमानेच सामावून घेतले. जानेवारी २०१७ च्या जल्लिकट्टू आंदोलनात त्यांचे ‘टक्करु टक्करु’ घोषगीतासारखे वाजले. मात्र आंदोलन मूळ मागणीपासून भरकटत असल्याचे सांगून आदी त्यातून बाहेर पडले. ‘आपण तमिळ’ एवढ्या हाकेवर गर्दी जमते. पण जमलेल्यांच्या मागण्या एकच असतील, याची हमी ती हाक देत नाही.

त्यानंतरच्या रॅपने नेमका हाच धागा पकडला. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ आणि अरिवु यांचा ‘तेरुकुरळ’ (२०१९) यांनी विचारले : तमिळ, पण कोणत्या जातीचा, कोणत्या वस्तीतला? ‘हिप हॉप तमिळन’ने दार उघडले नसते, तर हा प्रश्न इतक्या श्रोत्यांपर्यंत पोचणे अवघड होते. पण तो प्रश्न स्वतः विचारणे त्या अल्बमला जमले नाही. त्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकत्र मांडाव्या लागतात.

‘पंचभाषाविलास’ दरबारी नाटक होते, त्याला आदर्श मानण्याचे कारण नाही. तरी त्यात पात्रे आपापल्या भाषेत बोलतात. एक आवाज सर्वांच्या वतीने बोलत नाही. मराठी रॅप ऐकतानाही ही कसोटी लावून पाहावी : ‘मराठी माणूस’ म्हटले जाते, तेव्हा त्यात कोण मोजले जाते आणि कोण बाहेर राहते?