आईचे पुस्तक आणि बापाचे पुस्तक

दरवर्षी निबंधाच्या तासाला मी मुलांना ‘माझी आई’ हा विषय देतो. पन्नास वह्यांत पन्नास आया एकसारख्या निघतात. पहाटे उठणाऱ्या, सर्वांच्या मागून जेवणाऱ्या, कधी न रागावणाऱ्या. पुढच्या आठवड्यात ‘माझे वडील’ हा विषय दिला की वर्गात सामसूम होते. लेखण्या अडतात. परंतु ज्या दोन-चार वह्या पुन्हा वाचाव्याशा वाटतात, त्या नेमक्या या दुसऱ्या आठवड्यातल्या असतात. असे का व्हावे, याचे उत्तर मला पर्ल बक यांच्या दोन पुस्तकांत सापडले.

पर्लबाई आपल्याला ठाऊक आहेत त्या ‘द गुड अर्थ’ या १९३१ सालच्या कादंबरीमुळे. परंतु १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या चरित्रग्रंथांचाही मुद्दाम गौरव झाला होता. हे ग्रंथ म्हणजे १९३६ साली प्रसिद्ध झालेली दोन पुस्तके : आईवरचे ‘द एक्झाइल’ आणि वडिलांवरचे ‘फायटिंग एंजल’. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराने ती शब्दकोश उशाशी घेऊन वाचली. कष्ट वाया गेले नाहीत.

वडील अॅब्सलम सायडेनस्ट्रिकर आणि आई कॅरोलाइन. दोघे १८८० साली विवाहबद्ध झाले आणि त्याच वर्षी ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी अमेरिकेहून चीनला गेले. सात मुले झाली. त्यांतली चार लहानपणीच गेली. आई १९२१ साली वारली, वडील १९३१ साली. दोघांचीही माती चीनचीच झाली. पुस्तकांत लेखिकेने आईला कॅरी आणि वडिलांना अँड्र्यू म्हटले आहे.

आईचे पुस्तक आधी लिहिले गेले. आई गेल्यावर लौकरच, घरच्या माणसांसाठी म्हणून लिहून ते बाजूला ठेवलेले होते. कॅरी जिथे बिऱ्हाड करील तिथे फुलझाडे लावते, पेटी वाजवते, दारी आलेल्या बायकांची दुखणीखुपणी पाहते. देवाने एकदा तरी खूण द्यावी म्हणून ती जन्मभर वाट पाहते. ती खूण काही मिळत नाही. हे सारे वाचताना डोळे पाणावतात. तथापि पुस्तक मिटल्यावर एक शंका उरते. लेखिका आईची वकिली करीत आहे आणि वकिलाच्या तोंडून अशिलाचे दोष कधी कळत नाहीत. कॅरी भांडली, चिडली, तरी ती बरोबरच होती, असे आपल्याला आधीच बजावलेले असते.

वडिलांच्या पुस्तकात लेखिका फिर्यादी होऊन येते. फिर्यादही खरी आहे. अँड्र्यू महिनेच्या महिने गावोगाव हिंडतो, लोकांचे दगड खातो, सोबतच्या मिशनऱ्यांशी तंडतो आणि घरी कोण आजारी आहे याची त्याला शुद्ध नसते. बायबलच्या नव्या कराराचे मूळ ग्रीकवरून चिनी बोलीत भाषांतर करण्याचा त्याला ध्यास. ते छापण्यात घरचा पैसा जाई आणि मुलांचे कपडे, खेळणी राहून जात. परंतु फिर्यादीला पुरावा द्यावा लागतो. प्रसंग सांगावे लागतात, माणूस जसा होता तसा उभा करावा लागतो. असा उभा करता करता तो मोठा होत जातो. लेखिकेला त्याचे हसू येते, मग आदर वाटतो. राग धरून बसलेल्या लेखणीने अखेरीस न्याय केला, हेच या पुस्तकाचे यश होय. दोहोंत हे श्रेष्ठ, असे मी म्हणेन.

पुढे १९४४ साली दोन्ही पुस्तके ‘द स्पिरिट अँड द फ्लेश’ या नावाने एकत्र निघाली. बाप म्हणजे आत्मा आणि आई म्हणजे देह! ही वाटणी मला पटत नाही. त्या घरात एक शाळा भरत असे. सकाळी आई मुलीला इंग्रजी धडे देई, दुपारी कुंग नावाचे वृद्ध पंतोजी चिनी अक्षरे आणि कन्फ्यूशियसचे विचार शिकवीत. मोठी झाल्यावर ही मुलगी मिशनच्या शाळेत शिकवू लागली, आणि १९३२ साली न्यूयॉर्कला भर सभेत तिने मिशनऱ्यांच्या अज्ञानावर आणि अहंतेवर बोट ठेवले. दुसऱ्या वर्षी मिशनशी असलेला संबंधच तिने सोडला. आत्म्याचे हे काम देह म्हटलेल्या आईच्या शाळेत झाले, हे लेखिकेने विसरायला नको होते.

एक उणीव मात्र दोन्ही पुस्तकांत आहे. ज्यांना तारायला हे कुटुंब गेले, ती चिनी माणसे बहुधा गर्दीतच राहतात. दाई वांग अम्मा हा ठळक अपवाद. वास्तविक १९२७ साली नानकिंगमध्ये परदेशी लोकांवर हल्ले झाले, तेव्हा या साऱ्या कुटुंबाला एका गरीब चिनी बाईने आपल्या झोपडीत लपवून वाचवले. कोणी कोणाला तारले, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

याच दशकात आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आली. रेव्हरंड टिळकही घरातले असेल नसेल ते दुसऱ्याला देऊन मोकळे होत. पण लक्ष्मीबाई ते हसत सांगतात. पत्नीला नवऱ्याशी त्याच वेळी भांडता येते आणि भांडण तिथेच मिटते. लेकीचे तसे नसते. तिचे भांडण वडिलांच्या मागे राहते आणि मग त्याचे पुस्तक होते.

शाळेचे गॅदरिंग, वह्यांचे गठ्ठे आणि स्वतःच्या कादंबऱ्यांची मुद्रिते यांत माझ्याही कित्येक संध्याकाळी गेल्या. माझी मुलगी आता लिहिती झाली आहे. मागे तिने मला सहज विचारले, “बाबा, तुमच्यावर निबंध लिहायचा झाला तर काय लिहू?” मी म्हटले, “खरे ते लिही.” म्हणालो खरा, पण त्या रात्री ‘फायटिंग एंजल’ पुन्हा काढून वाचत बसलो. वाचकांनीही ही पुस्तके जोडीने वाचावीत. आधी आईचे, मग बापाचे.