‘उतरंड’ : मांडणशिल्पातील जातिमीमांसा

मांडणशिल्प हा कलाप्रकार आपल्याकडे अद्याप काहीसा परका मानला जातो. परंतु वस्तूंच्या रचनेतून समाजरचनेची चिकित्सा करण्याचे त्याचे सामर्थ्य कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या प्रभाकर कांबळे यांच्या ‘उतरंड’ या कृतीतून प्रत्ययास येते. २०२२ साली बर्लिनच्या बाराव्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात ती मांडली गेली. एकावर एक रचलेली मातीची मडकी हा तिचा गाभा होय.

३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायका’त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजास शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. पुढे दोनच महिन्यांत कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे ऐतिहासिक परिषद भरली. मनोऱ्याच्या उपमेत वर जाण्याची बंदी ठळक होते. उतरंडीत भार कोणावर आहे, हे ठळक होते. मधले मडके वरचा भार सोसते आणि स्वतःच्या वजनासह तो खालच्यावर टाकते. श्रेणीबद्ध विषमतेचे मर्म हेच. शिवाय सर्व मडक्यांची माती एकच. वर्ण देवनिर्मित नसून मानवी व्यवहारातून उद्भवले, हे अग्गञ्ञसुत्तातील प्रतिपादन येथे सहज स्मरते.

तथापि या प्रतिमेस एक मर्यादा आहे, असे आम्हांस वाटते. मडकी रचणारा हात बाहेरचा असतो. जातीचे तसे नाही. मधल्या थरातील मनुष्य, आपल्याखाली कोणीतरी आहे या समाधानापोटी, ती उतरंड स्वतःच सावरून धरतो. हा मनाचा सहभाग निर्जीव मडक्यांतून व्यक्त होत नाही. चुल्लवग्गातील शाक्यकुमारांनी हेच जाणले होते. आपला अभिमान गळावा म्हणून उपालि न्हाव्यास आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती त्यांनी केली आणि ज्येष्ठ ठरलेल्या उपालिस वंदन करणे स्वीकारले. उतरंड मोडते ती अशी, वरच्याने मान सोडल्याने.

ही उणीव प्रेक्षकच भरून काढू शकतो. बर्लिनमध्ये ‘उतरंड’ म्हणजे काय, हे समजावून द्यावे लागते. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांत ते कोणासही सांगावयास नको. तेथे ही कृती मांडली गेली, तर यातील आपले मडके कोणते, हा प्रश्न प्रत्येकास टाळता येणार नाही. अशा कलेची खरी कसोटी तेथेच लागेल.