बुधवारची निवड

अमेरिकेत सुपरहिरोंच्या चित्रकथांचे नवे अंक बुधवारी दुकानात येतात, असा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. त्या दिवशी दुकानाच्या फळीवर कित्येक डझन नवे अंक मांडलेले असतात. प्रत्येकात जेमतेम वीस-बावीस पानांची कथा, तीही बहुधा अपुरी. आणि किंमत चार-पाच डॉलर. आठवड्याला पाच अंक घेणाऱ्या वाचकाचा वर्षाचा खर्च हजार डॉलरच्या पुढे जातो. म्हणून फळीसमोर उभा असलेला वाचक बारा वर्षांचा मुलगा असो की चाळिशीचा गृहस्थ, कोणता अंक उचलायचा आणि कोणता ठेवून द्यायचा हे त्याला दर आठवड्याला ठरवावेच लागते. समीक्षेचे हे सर्वांत लहान, पण कदाचित सर्वांत प्रामाणिक रूप होय. कारण येथे मत देणाऱ्याला त्या मताची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते.

हा विषय आपल्या अंगणापासून फार दूरचा आहे असे वरवर वाटेल. परंतु ‘इंद्रजाल’मधील वेताळ आणि मँड्रेक यांच्यावर आपल्याकडची एक पिढी वाढली आहे. आज आपली मुले हेच सुपरहिरो पडद्यावर पाहतात, आणि परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांची मुले तर त्या फळीसमोर प्रत्यक्ष उभी असतात. तेव्हा ‘हे वाचू द्यावे की नाही’ या प्रश्नापाशीच न थांबता ‘यातले कोणते वाचावे आणि का’ हा अधिक अवघड प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न ख्रिस्तसभेने एकदा केलेला आहे. अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांनी १९३८ साली ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर डीसेंट लिटरेचर’ ही संघटना स्थापन केली. योगायोग असा, की सुपरमॅनचा जन्मही त्याच वर्षीचा. तरुणांच्या हाती पडू नयेत अशा नियतकालिकांच्या याद्या ही संघटना प्रसिद्ध करीत असे. १९४२ साली वंडर वूमनची कथा छापणारे ‘सेन्सेशन कॉमिक्स’ या यादीत आले. कारण काय, तर नायिकेच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत! ती नायिका कशासाठी झगडते, कोणाला वाचवते, हे यादी करणाऱ्यांनी विचारात घेतले नाही. पुढे १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे सेंट पॅट्रिक या कॅथॉलिक शाळेतील मुलांनी गोळा केलेल्या चित्रकथांची होळीही झाली. १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ नावाची नियमावली लादून घेतली. ती पुढे हळूहळू सैल होत गेली आणि २०११ मध्ये तिचा अंत झाला. यादीमुळे वाचकाचे एक काम वाचते हे खरे. पण ते काम म्हणजे विचार करणे. यादी मुलाला काय टाळावे हे सांगते, कसे निवडावे हे शिकवीत नाही.

त्याच काळात दुसराही एक मार्ग चोखाळला गेला. १९४६ ते १९७२ या काळात ‘ट्रेझर चेस्ट’ नावाची कॅथॉलिक चित्रकथा-पत्रिका तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना मिळत असे. तिने १९६४ साली एक क्रमशः कथा छापली. पेटिग्रू नावाचा गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहतो. त्याची सचोटी, त्याचे शौर्य, त्याच्याविरुद्धचे कट हे सारे मुले भाग-भाग वाचत जातात. मात्र त्याचा चेहरा अगदी शेवटच्या चित्रापर्यंत दाखवलेला नाही. तो दिसतो तेव्हा कळते, की उमेदवार कृष्णवर्णीय आहे. आधी माणूस पारखा, कातडी नंतर पाहा, हा धडा त्या कथेने प्रवचनाचा एक शब्दही न उच्चारता दिला. बंदीपेक्षा चांगली निर्मिती आणि चांगली निवड यांचे सामर्थ्य मोठे असते, याला याहून बोलका पुरावा नको.

आता निवडीच्या कसोट्यांकडे वळू. पहिली कसोटी साधी आहे. पात्राच्या मागे जाऊ नये. लेखक आणि चित्रकार यांच्या मागे जावे. सुपरमॅन किंवा बॅटमॅन ही कंपनीची मालमत्ता असते. आज एकाच्या हाती, उद्या दुसऱ्याच्या. तेच नाव, तोच पोशाख. पण कथा कधी सोने, कधी पितळ. निव्वळ सवयीने एखाद्या मालिकेचे सलग शंभर अंक जमवणारा वाचक संग्राहक होतो, रसिक होतोच असे नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी या संग्राहकवृत्तीने तर कहर केला. पुढे भाव वाढेल या आशेने लोक एकाच अंकाच्या अनेक प्रती घेऊ लागले. १९९१ साली ‘एक्स-मेन’चा पहिला अंक निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांच्या आसपास प्रती खपल्या. जी वस्तू घराघरात लाखोंनी पडून आहे ती दुर्मीळ कशी होणार, हा विचार फार थोड्यांनी केला. फुगा फुटला, असंख्य दुकाने बंद पडली आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हल कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. न वाचण्यासाठी घेतलेल्या पुस्तकाने कोणाचेच भले केले नाही.

दुसरी कसोटी : मोजक्या पानांत कथेने काही नैतिक वजन पेलले आहे काय? १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी सादर केलेली स्पायडर-मॅनची पहिली कथा अवघ्या अकरा पानांची आहे. अंगी विलक्षण शक्ती आलेला एक मुलगा पळणाऱ्या चोराला अडवीत नाही. ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणून बाजूला होतो. तोच चोर पुढे त्याच्या पितृतुल्य काकांचा जीव घेतो. मिस्सेच्या आरंभी आपण केवळ केलेल्या पापांचीच नव्हे, तर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ते पाप कसे दिसते, हे या अकरा पानांतून लहान मुलालाही कळते.

तिसरी कसोटी आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी भिडते. या कथांत मृत्यूला काही अर्थ आहे काय? नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘सुपरमॅन’च्या ७५व्या अंकात नायक मारला गेला. त्यावेळी त्याच्या चार मासिक मालिका मिळून जणू एक साप्ताहिकच चालत असे; मुखपृष्ठावरील लहानशा त्रिकोणातील क्रमांकाने वाचनाचा क्रम कळे. म्हणजे वाचकाने दर आठवड्याला दुकानात आलेच पाहिजे, अशी ती व्यवस्था होती. नायकाला मारण्याची कल्पना पुढे आली तीही काहीशी अडचणीतून : त्याचा योजलेला विवाह आगामी दूरदर्शन मालिकेसाठी लांबणीवर टाकावा लागला होता. रचनेचे कौशल्य मात्र नाकारता येणार नाही. मृत्यू जवळ येतो तसतशी पानावरील चित्रांची संख्या दर अंकागणिक चार, तीन, दोन अशी घटत जाते, आणि अखेरच्या अंकात प्रत्येक पानभर एकच चित्र उरते. त्यानंतरच्या अंकांत शोकाकुल शहर, एकाकी आईवडील आणि लोइस यांचे चित्रण आहे. माझ्या मते त्या मालिकेतील सर्वांत माणुसकीचा भाग तोच होय.

पण १९९३ मध्ये नायक परत आला. बदल सांगावा तर केस तेवढे वाढलेले! दोष तो परत आला यात नाही. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या आपण त्याला हरकत घ्यावी असे नाही. दोष हा, की त्या मृत्यूने कोणाचे काही बदलले नाही. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे व्रण तसेच होते. थोमाने ते पाहिले. क्रूस पुसून टाकून पुनरुत्थान घडले नाही, क्रुसातून घडले. येथे मात्र मरण हा खपाचा हंगाम ठरला. पुढे हीच रीत पडली. नायक मरतात, वर्षा-दोन वर्षांत परततात आणि वाचक मनातल्या मनात दिवस मोजतो. ज्या कथेतील मरण खोटे, तिच्यातील जीवनावर तरी विश्वास कसा बसावा? मुखपृष्ठावर ‘मृत्यू’ असे मोठ्या अक्षरांत छापलेला अंक दिसला, तर तो फळीवरच राहू द्यावा.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला १९८६ सालची ‘डेअरडेव्हिल’मधील ‘बॉर्न अगेन’ ही कथा आहे. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली. मॅट मर्डॉक हा अंध वकील कॅथॉलिक घरात वाढलेला. कॅरेन पेज ही त्याची पूर्वीची प्रेयसी मादक द्रव्याच्या आहारी जाते आणि एका मात्रेसाठी त्याचे गुपित विकते. ते किंगपिन नावाच्या गुन्हेगार सम्राटाच्या हाती पडते आणि तो मॅटचे एकेक करून सारे हिरावून घेतो : वकिलीची सनद, पैसा, घर आणि अखेर मनाचा तोलही. चाकूने जखमी झालेल्या, बेवारस अवस्थेतील मॅटला एक धर्मभगिनी आश्रय देते. ती त्याची जन्मदात्री असावी अशी त्याला शंका येते. तो विचारतो, ती नाकारते. पण हृदयाचे ठोके ऐकू शकणाऱ्या त्या आंधळ्याला ते नाकारणे खरे नव्हे हे उमगते, आणि तो पुढे काही विचारीत नाही.

या कथेत कोणी मरून उठत नाही, तरी पुनर्जन्म खरा वाटतो. नायक आपला पोशाख बराच काळ अंगावरही घालीत नाही. शक्ती संपते तेथे कृपा सुरू होते. कॅरेन परत येते तेव्हा तो तिच्याकडून हिशेब मागत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याप्रमाणे आधी जवळ घेतो. ज्याचे सर्वस्व लुटले गेले, तोच लुटीला कारण झालेल्या व्यक्तीला क्षमा करतो, हा या कथेचा कळस. अखेरच्या भागात एक अमानुष सैनिक येतो आणि गोळीबाराच्या गदारोळात आधीची शांतता हरवते. तेवढे उणे मान्य केले पाहिजे. शिवाय व्यसन आणि हिंसा यांचे चित्रण तीव्र असल्याने ही कथा लहान मुलांसाठी नाही. मोठ्या मुलाने वाचावी आणि आईवडिलांनीही वाचावी. म्हणजे जेवताना बोलायला विषय मिळेल.

श्रद्धेचे चित्रण केवळ आपल्याच धर्माचे असावे, असाही आग्रह नको. २०१४ साली सुरू झालेल्या ‘मिस मार्व्हल’मधील कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी कुटुंबातील मुसलमान मुलगी. तिचे घर, तिची मशीद, आईवडिलांचे नियम आणि मैत्रिणींचे जग यांतील ओढाताण लेखिका जी. विलो विल्सन यांनी प्रेमाने रंगविली आहे. परक्या देशात आपला धर्म जपत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तिच्यात स्वतःचा चेहरा सापडेल.

शेवटची कसोटी पुस्तकाबाहेरची आहे, पण विसरण्याजोगी नाही. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे हक्क १३० डॉलरना विकले. कंपन्या श्रीमंत झाल्या आणि हे दोघे उतारवयापर्यंत हलाखीत राहिले. १९७५ साली जनमताच्या रेट्याने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन मिळाले आणि कथेवर त्यांची नावे पुन्हा झळकली. ‘रेरुम नोव्हारुम’ या १८९१च्या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा श्रमिकाच्या न्याय्य मोबदल्याबद्दल सांगत आली आहे. चित्रकार हाही श्रमिकच. जो बापडा दुकानदार अंक आगाऊ मागवितो, त्याला न खपलेली प्रत सहसा परत करता येत नाही. म्हणून आपल्या नावाने अंक राखून ठेवायला सांगावे आणि मग घ्यायला जाऊच नये, हा लहानसा अन्यायच म्हटला पाहिजे. थोडे सांगावे, सांगितलेले न्यावे, नेलेले वाचावे.

मुलाच्या हाती पैसे देऊन ‘यातून दोनच निवड, आणि घरी आल्यावर का निवडलेस ते सांग’ असे म्हणणारा पालक कोणत्याही यादीपेक्षा अधिक काही देतो. चांगले-वाईट ओळखण्याचा विवेक प्रौढपणी अचानक उगवत नाही. तो वीस पानांच्या, रंगीत आणि क्षुल्लक वाटणाऱ्या पुस्तकांवरही घडवता येतो. पहिल्या काही आठवड्यांत मूल चकचकीत मुखपृष्ठालाच भुलेल. भुलू द्यावे. पुढच्या बुधवारी ते आत उघडून पाहील.