शोकाची प्रकृती आणि संयमाचा निकष

शोक हा स्थायी भाव एकच असला, तरी तो व्यक्त करण्याच्या रीती भरताने प्रकृतींना वाटून दिल्या. उत्तम व मध्यम प्रकृतीची पात्रे तो धैर्याने सोसतात, स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे रडतात, असे नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय सांगतो. हास्याचेही तेच: स्मित वरच्यांचे, अतिहसित खालच्यांचे. नटाला हे उपयोगी खरे. परंतु हा भेद वर्गाचा आहे, व्यक्तीचा नव्हे.

अभिनवगुप्ताच्या मते सर्व चित्तवृत्ती प्रत्येकात वासनारूपाने असतात. मात्र कोणात एक अधिक, कोणात दुसरी उणी. व्यक्तिभेदाला येथे तात्त्विक जागा मिळते. साधारणीकरणातच रमलेल्या मराठी रसचर्चेने तिचा फारसा लाभ घेतला नाही.

परिणामी ‘संयम’ हा निखळ कलागुण समजला गेला आणि त्यामागची भरतप्रणीत उतरंड नजरेआड राहिली. दलित आत्मकथनांना हा निकष लावताना तरी ती दिसावयास हवी होती. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, दुःख मात्र सांगणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात निरनिराळ्या रीतींनी नांदते. यांतला उत्तम प्रकृतीचा कोणता? ऐकणाऱ्याच्या आवरलेपणाला धैर्य म्हणावे की सुशिक्षिताचा संकोच, हे ठरविण्यास भरताची वाटणी अपुरी पडते.