समेच्या दाराने : 'घरंदाज गायकी' आणि मराठवाड्यातला नवा श्रोता

वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ 1961 साली प्रसिद्ध झाला. नांदेडला शिकत असताना, शास्त्रीय संगीत ऐकायला कोठून सुरुवात करावी असे मी एका जाणकाराला विचारले, तेव्हा त्यांनी हाच ग्रंथ माझ्या हाती दिला. मी तो दोनदा वाचला आणि मैफलीत पूर्वीइतकाच कोरा बसलो. दोष ग्रंथाचा होता की माझा, हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षे छळत राहिला.

देशपांडे यांनी स्वर आणि लय अशी दोन टोके कल्पून घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे आणि जयपूर त्या दोहोंचा तोल साधणारे. ते स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले. त्यामुळे त्यांचे माप जयपूरकडे झुकते, असा आक्षेप घेतला जातो. माझा आक्षेप निराळा आहे. हा नकाशा कळायला तो मुलूख आधी पाहिलेला असावा लागतो. या घराण्यांचे कलावंत मुंबईत राहत होते, गात होते, शिकवत होते. तिथल्या श्रोत्याला ग्रंथ ऐकलेल्याचा अर्थ सांगतो. ज्याने यांपैकी काहीच ऐकलेले नाही, त्याला तो केवळ नावे देतो.

मग आपल्याकडचा श्रोता अगदीच कोरा असतो काय? नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब येथे रोज कीर्तन चालते. गुरू ग्रंथसाहिबातील बहुतेक वाणी 31 रागांखाली लावलेली आहे. हुकमनाम्याच्या मथळ्यातही बहुधा रागाचे नाव येते. सोरठ, धनासरी, बिलावल ही नावे तिथे नेमाने जाणाऱ्याच्या कानांवरून गेलेली असतात. गायलेली चाल त्याच रागातली असेलच असे नाही, पण रागाचे नाव त्याला परके नसते. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा आहे. भजनी मंडळे तर गावोगाव. पखवाजावरच्या आठ मात्रांच्या ठेक्यात ज्याचे बालपण गेले, त्याच्या अंगात लय आधीच मुरलेली असते. उणीव असते ती ही ओळख मैफलीपर्यंत नेणाऱ्या वाटेची.

ती वाट मला माझ्या वडिलांनी दाखवली. आण्णा औसा तालुक्यातल्या आमच्या गावी भजनात पखवाज वाजवत. लातूरला एक मैफल होती, म्हणून त्यांना चला म्हटले. "तू जा. आपल्याला त्यातलं काय कळतंय?" म्हणाले. आग्रहाने आले, पण अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. विलंबित एकताल सुरू झाला. एकेक आवर्तन पाऊण-पाऊण मिनिटाचे. मी पुस्तकातले घराणे गाण्यात शोधत होतो आणि हरवत होतो. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला आण्णांचा हात मांडीवर पडला, तो नेमका समेवर. पुढच्या वेळीही तसाच. "लई दमानं येतंय, पण येतंय तितंच," एवढेच ते हळूच बोलले. त्या रात्री मला माझ्या वाचनाची लाज वाटली. जाणकार मागच्या रांगेत बसला होता आणि आपण अडाणी आहोत असे त्याला कुणीतरी पटवून दिले होते.

म्हणून नव्या श्रोत्याला मी आता राग ओळखायला सांगत नाही. आधी सम धरायला सांगतो. एकतालात 'तिरकिट' दोनदा येते, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर 'तू ना' येते, दुसऱ्यानंतर 'धी ना' आणि लगेच सम. एवढी खूण कानाला सापडली की गायक कुठून कुठे निघाला आहे हे कळू लागते आणि कंटाळा संपतो.

दुसरी पायरी एका रागाची. त्यासाठी भूप घ्यावा. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. गीतरामायणातले पहिले गीत याच रागात बांधलेले असल्याने मराठी कान त्याला सरावलेला असतो. मग किशोरी आमोणकरांच्या भूपाचे ध्वनिमुद्रण पंधरा दिवस तेवढेच ऐकावे. तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे आपल्या भजनी ठेक्याची दोन आवर्तने, हे लक्षात ठेवले की पुरे.

मात्र सम हे दार आहे, घर नव्हे. केवळ सम मोजत बसणाऱ्याच्या हातून स्वर निसटतो. अमीर खाँ यांचा मारवा चौदा मात्रांच्या झुमऱ्यात इतक्या संथपणे चालतो की मोजणे आपोआप सुटते आणि उरतो तो कोमल रिषभ. लयीच्या टोकाकडून निघालेला श्रोता तिथे स्वराच्या टोकाशी पोचतो. देशपांडे यांचा नकाशा खरा उलगडतो तो इथे. ग्रंथ चुकीचा नव्हता. तो माझ्या हाती एका वर्षाने लवकर पडला.

आण्णा त्यानंतरही मैफलींना येत राहिले. बसायचे मात्र दाराजवळच. पुढे या म्हटले, तर म्हणायचे, "इथून बी सम दिसतीय की."