नवी वेबसाइट झाली, जुन्या पानांचे काय?

आपल्या समाजाच्या एका संस्थेने गेल्या वर्षी आपल्या तीन जुन्या वेबसाइट एकत्र करून नव्या व्यवस्थेत हलवल्या. उद्घाटन झाले, भाषणे झाली, सर्वांनी माझल तोव म्हटले. कार्यकर्त्यांनी नोकरीधंदा सांभाळून, एक शेकेल न घेता हे काम केले, त्याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. परंतु पुस्तक निघाले की त्याचे परीक्षण होते, नाटक झाले की त्यावर चार शब्द लिहिले जातात. वेबसाइट हीदेखील समाजाच्या वर्गणीतून झालेली कृती आहे. म्हणून आम्ही ती महिनाभर नीट पाहिली आणि हे लिहीत आहोत.

प्रथम 'नवी व्यवस्था' म्हणजे काय ते सांगू. पूर्वी वेबसाइटचे प्रत्येक पान सुटे तयार होत असे. एखादा फोन नंबर बदलायचा तरी जाणकार माणसाला गाठावे लागे. आता मजकूर एका कोठारात राहतो, पानाचा साचा निराळा राहतो, आणि चिटणीस स्वतः मजकूर बदलू शकतो. हिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. आपली नातवंडे 'सीएमएस' म्हणतात. हलवाहलव म्हणजे जुन्या पानांतला मजकूर काढून या कोठारात लावणे. शाळा नव्या इमारतीत गेली म्हणजे कपाटे, हजेरीपट, ग्रंथालय सारे हलवावे लागते, तसेच हे.

नव्या वेबसाइटचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. अक्षर मोठे आहे. फोनवर पान नीट दिसते. हिब्रू मजकूर स्वच्छ आहे. कार्यक्रमाची तारीख, सभागृहाचा पत्ता, वर्गणीचा अर्ज चटकन सापडतो. कचेरी म्हणून पाहिले तर वेबसाइट चांगली झाली आहे. मात्र आपली वेबसाइट नुसती कचेरी नव्हती, ती आपले दप्तरही होती. पेण, रोहा, किहीम अशा गावांवरून पडलेल्या आडनावांची टिपणे, दिवंगतांवरील लेख, आलिया करून आलेल्यांच्या आठवणी, कीर्तनांची माहिती हे सारे तिथे होते. आमचे तीन आक्षेप आहेत, ते या दप्तराविषयी.

पहिला आक्षेप पत्त्याचा. वेबसाइटवरील प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता कुणी कुटुंबाच्या इतिहासात छापलेला असतो, कुणी पुतण्याला बॉम्बेला लिहून पाठवलेला असतो. आज त्या पत्त्यावर गेले की 'पान सापडत नाही' आणि ४०४ हा आकडा दिसतो. जिथे पान खरोखर शिल्लक आहे, तिथेही हेच होते, कारण नव्या घरात त्याचा पत्ता बदलला आणि जुन्या दारावर चिठ्ठी लावायचे राहिले. ही चिठ्ठी लावता येते. जुना पत्ता मागितला की यंत्र आपोआप नव्या पानावर नेते. त्यासाठी जुन्या आणि नव्या पत्त्यांची जोडयादी करावी लागते. काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही. ज्यांनी वेब निर्माण केले त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका लेखात बजावले होते की चांगला पत्ता तोच, जो बदलत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेले उदाहरण ब्रिटिश सरकारचे आहे. मार्था लेन फॉक्स यांच्या २०१० च्या अहवालानंतर तिथे सरकारी वेबसाइट एकत्र आणण्याचे ठरले. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'डायरेक्टगव्ह' आणि 'बिझनेस लिंक' या दोन मोठ्या वेबसाइटची जागा 'गव्ह डॉट यूके' या एकाच वेबसाइटने घेतली. पुढे मंत्रालये आली, आणि २०१४ अखेरपर्यंत तीनशेहून अधिक संस्था त्याच छपराखाली आल्या. दिखाऊपणा नसलेल्या या वेबसाइटला २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम रचनेचा मान मिळाला. आम्हाला अधिक मोलाची वाटते ती न दिसणारी मेहनत. बंद होणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्यांच्या याद्या केल्या गेल्या. जे पान नव्या घरी आले त्याचा जुना पत्ता तिकडे वळवला. जे आले नाही त्यासाठी वाचकाला राष्ट्रीय अभिलेखागाराने जपलेल्या प्रतीची वाट दाखवली. पान बंद झाले तरी त्याचा माग उरला.

दुसरा आक्षेप लिपीचा, आणि तो आम्हाला सर्वांत जास्त लागला. नव्या वेबसाइटवरील काही मराठी लेख उघडले तर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. याचे कारण सोपे आहे. पूर्वी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला असे. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच असत, त्यांवर देवनागरीचा पोशाख चढवलेला असे. हलवताना फॉन्ट मागे राहिला की पोशाख उतरतो आणि खाली उरते ती निरर्थक रांग. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही मराठीच राहतो आणि शोधला तर सापडतोही. जुन्या फॉन्टचे युनिकोड करणारी साधने आहेत. परंतु जुन्या टंकनात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदली जाते. रफाराचीही अशीच उलथापालथ होते. म्हणून यंत्राने केलेले रूपांतर मराठी येणाऱ्या माणसाने वाचलेच पाहिजे.

हिब्रूवरही हा प्रसंग येऊन गेला आहे. जुन्या ब्राउझरना उजवीकडून डावीकडे लिहिता येत नसे, म्हणून पाने उलट्या क्रमाने साठवत. 'शालोम' हा शब्द शिन, लामेद, वाव, मेम असा न ठेवता मेम, वाव, लामेद, शिन असा ठेवत, म्हणजे पडद्यावर तो सुलटा दिसे. नव्या व्यवस्थेत आणताना ही अक्षरे पुन्हा फिरवावी लागतात. आपल्या वेबसाइटवर ती फिरवली गेली, कारण समितीतील प्रत्येकाला हिब्रू वाचता येते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. देवनागरी वाचणारे तिथे कुणी बसले नव्हते. यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. परंतु जी भाषा कामावरच्या माणसांना वाचता येत नाही, तीच हलवाहलवीत प्रथम सांडते.

तिसरा आक्षेप निवडीचा. बरीच जुनी पाने नव्या घरी आलीच नाहीत. विचारले तर उत्तर मिळाले, 'ती कुणी पाहत नव्हते.' गव्ह डॉट यूकेनेही लोकांची गरज काय, या कसोटीवर पाने ठेवली आणि गाळली. पेन्शन किंवा पासपोर्टसाठी ती कसोटी योग्यच आहे, शिळी माहिती नसलेली बरी. दप्तराला मात्र ती लागू पडत नाही. एखाद्या आजोबांवरील लेख वर्षात एकदाच उघडला जात असेल, तोही त्यांच्या यार्झाइटला. तो एकदा उघडणे हाच त्याचा उपयोग. पाहणाऱ्यांची संख्या मोजून आठवणी ठेवायच्या ठरवल्या, तर आपल्यासारख्या लहान समाजाचे काहीच उरणार नाही.

मग जुनेच ठेवावे काय? नाही. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. ज्या सैन्याच्या पलटणींत आपले बेने इस्राएल पूर्वज सुभेदार-जमादार झाले, त्याची कागदपत्रे त्यात आहेत. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या लायब्ररीच्या संगणकांवर मोठा हल्ला झाला. मुख्य ग्रंथसूची पुन्हा पाहता येऊ लागली ती जानेवारी २०२४ मध्ये. मार्चमध्ये लायब्ररीने स्वतःच अहवाल काढून सांगितले की सावरायला इतका वेळ लागण्याचे मुख्य कारण जुनाट यंत्रणांवरचे अवलंबन हे आहे. तेव्हा हलणे आवश्यकच आहे. आमची तक्रार काय मागे राहिले याविषयी आहे.

अजून वेळ गेलेली नाही, कारण जुन्या वेबसाइटची प्रत संस्थेपाशी आहे असे समजते. ती पुसू नये. त्यातील पानांची संपूर्ण यादी करावी, पत्त्यांची जोडयादी करावी, आणि गाळलेली पाने 'जुने दप्तर' या नावाने जशीच्या तशी एका बाजूला ठेवावी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून तो मराठी जाणणाऱ्या दोघांनी तरी वाचावा. कुणाला एखादे हरवलेले पान तातडीने हवे असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता घालून पाहावा. तिथे कधी कधी प्रत सापडते, पण त्यावर विसंबून राहू नये.

यातील पहिले काम तरुण करतील, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले येते. वेलांटी कुठे चुकली, आडनाव कुठे बिघडले, फोटोखालचे नाव कुणाचे, हे आपल्या पिढीलाच कळते. ज्यांनी मराठी शाळेत शिक्षण घेतले असे आपल्यापैकी दरवर्षी कमी होत आहेत. चिटणीस मंडळींनी छापील पाने द्यावीत, आम्ही लाल पेन घेऊन बसायला तयार आहोत. वाचकांपैकी आणखी कुणी येतील त्यांनी संस्थेच्या कचेरीत आपले नाव द्यावे.